अकराव्या नियमातली गिझेला

मी मत्सरी बाई आहे. काही बायका हळदीकुंकवात "मला बाई साखर चालत नाही" म्हणून सांगतात ना, तसं मी हे मोकळेपणानं सांगते आणि समोरचीचा चेहरा बघत बसते. बहुतेकींना वाटतं मी थट्टा करतेय. ज्या हसत नाहीत, त्यांच्याशी माझी मैत्री जमते.

गेल्या मे महिन्यात यांच्या कंपनीच्या कामासाठी फ्रँकफुर्टला जाणं झालं, आणि मी हट्टानं एक दुपार एश्बॉर्नसाठी मागून घेतली. शहरातून एस-बान या लोकल गाडीनं थोडकी मिनिटं. आम्ही तिथे राहत होतो त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा सफरचंदाच्या बागांमधून एक लहानशी गाडी रमतगमत यायची, आणि स्टेशनावर उतरलं की पहिली भेट व्हायची ती कोंबड्यांची. आता उतरलं की काचा. एका इमारतीच्या काचेत दुसरी इमारत, दुसरीच्या काचेत ढग, आणि कुठल्याशा तिसऱ्या काचेत मी: कोट, साडी, चष्मा. सिगारेटचं दुकान शोधायला हे गेले होते. मी एका गाडीतळाच्या कडेला उभी राहिले. दोन माणसं यंत्रानं गवत कापत होती. पेट्रोलचा वास, आणि त्याखालून ओल्या, नुकत्या कापलेल्या गवताचा तो कच्चा हिरवा वास आला, आणि त्या वासातून लांब लांब ढांगा टाकत गिझेला आली.

पण गिझेला नंतर. तिला जरा वाट बघू दे. तिनं मला पुष्कळ बघायला लावली आहे.

आम्ही फ्राउ केसलरच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. हे फ्रँकफुर्टच्या एका संस्थेत डॉक्टरेटचं काम करत, आणि मी मिरजेहून नुकतीच येऊन घरात बसलेली, तेवीस वर्षांची. त्या घराला तळघरापासून माळ्यापर्यंत मजल्यामजल्याचे वास होते. तळघरात कोळशाच्या विटा आणि वर्तमानपत्रावर पसरलेली सफरचंदं, जिन्यात लाकडी पायऱ्यांना चोळायचं मेण, आणि वर आमच्याकडे मोहरीची फोडणी, जिच्यापायी फ्राउ केसलर दर संध्याकाळी खालून "आख्, माइन गॉट" म्हणत खिडकी उघडायची. चर्चची घंटा पावपाव तासाला वाजायची. शेतांपलीकडे अमेरिकन छावणीचा विमानतळ होता; तिथली लहान विमानं भुंग्यासारखी गुणगुणत निघायची आणि दोरीवरच्या माझ्या साड्या हलवून जायची.

हे सकाळी सातला जात, संध्याकाळी सहाला येत. मधल्या वेळात मी मराठीतला एकही शब्द ऐकत नसे. स्वतःशीच बोलायचे, भेंडीशी बोलले असते पण भेंडी मिळत नव्हती. हे घरी आले की मी जिन्यातच सुरुवात करायची. आणि कधी काही बिनसलं आणि हे गप्प बसले, की अख्ख्या एश्बॉर्नमधली मराठी बंद पडायची. हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

तर, त्या वसंतात सॉफ्टबॉल आला. सॉफ्टबॉल म्हणजे क्रिकेटच्या अमेरिकन चुलतभावाचं मवाळ पोर. चेंडू मोठा, मोसंब्यापेक्षाही मोठा. फेकायचा खालून, हळू, कमान करून. मारायचा, एकेक कोपरा शिवत पळायचं आणि निघालो त्याच कोपऱ्यावर, म्हणजे 'घरी', परत यायचं; झाली एक धाव. छावणीतल्या सैनिकी चर्चचे पाद्री, ज्यांना सगळे चॅपलिन म्हणत, ते मोठे उत्साही गृहस्थ. शेजारधर्म वाढावा म्हणून त्यांनी आजूबाजूच्या गावांतल्या चर्चना खेळायला बोलावलं. चार संघ झाले. आमच्या गावच्या पाद्र्यांना चेंडूतलं काही कळत नव्हतं, पण एका रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला यांनी टेबलावरचं सफरचंद उचलून फिरकी कशी टाकतात ते दाखवलं, आणि पाद्र्यांचे डोळे असे चमकले, जणू देवदूतच खिडकीतून आला.

"हेर डॉक्टर, तुम्ही खेळणार!"

"मी अजून डॉक्टर झालो नाही. आणि ख्रिश्चनही नाही."

"नाइन, नाइन, ते नियमात कुठेच नाही!"

नियम! त्या लीगला नियम होते सतरा, बरेचसे चॅपलिननं स्वतः टाइप केलेले, आणि खेळाचे थोडे व स्वभावाचे जास्त असे. खेळणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही, पण महिन्यातले दोन रविवार त्यानं कुठल्यातरी चर्चमध्ये बसलेलं असावं. फ्राउ केसलर दाराशी वही घेऊन उभी राहायची. ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, मेणबत्त्या, पायाला गोठवणारी फरशी. ऑर्गन घुमायला लागला की मी त्याच्या आडोशानं रामरक्षा म्हणून घ्यायची. कुणाचं काही बिघडलं नाही. अपशब्द उच्चारला तर तो डाव संपेपर्यंत मैदानाबाहेर. चॅपलिनना इंग्रजी शिव्या कळायच्या, पाद्र्यांना जर्मन. मिरजेच्या बोलीत काय काय आहे याची त्या मैदानात कुणालाच कल्पना नव्हती, आणि त्या उन्हाळ्यात माझ्याइतकं मनमोकळं कुणीच खेळलं नाही.

आणि एक नियम असा: मैदानावरच्या दहा जणांत किमान दोन स्त्रिया हव्यात. एक जरी कमी असली तरी सामना न खेळताच हरला. आमच्या गावातून एकच तयार झाली होती. दुसरी मिळेना. म्हणून मी.

आता येऊ दे तिला. गिझेला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, छत्तीस-सदतीस वर्षांची, अविवाहित. यांच्याहून बोटभर उंच. कोपरापासून मनगटापर्यंत तांबूस ठिपके, केस गवताच्या रंगाचे आणि गवताइतक्याच निष्काळजीपणे कापलेले. ती आमची चेंडू फेकणारी. हसली की अख्खे दात दिसायचे आणि ती पुष्कळ हसायची. पहिल्याच सरावानंतर घरी येताना हे म्हणाले, "काय मनगट आहे बाईचं!"

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. त्यावर चार बांगड्या होत्या. यापूर्वी त्याबद्दल कुणी काही बोललेलं मला आठवेना.

पोशाखाचाही नियम होता: स्त्रियांचे गुडघे झाकलेले असावेत. पाचवारीत पळता येत नाही हे मला पहिल्याच दिवशी तोंडघशी पडून कळलं. म्हणून दुसऱ्या शनिवारी मी सासूबाईंनी दिलेलं इरकली लुगडं काढलं, काष्टा मारला, खाली यांचे क्रिकेटचे जुने बूट चढवले आणि मैदानावर गेले. अमेरिकन पोरांचं च्युइंगम चघळायचं थांबलं. ही विजार की झगा, यावर चॅपलिन आणि पाद्री यांच्यात पाच मिनिटं खल झाला. शेवटी गिझेलाच पुढे आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आल्झो, या मैदानावरचे सगळ्यात सभ्य कपडे यांचेच आहेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही हसावं लागलं. तिनं माझी बाजू घेतली याचा मला किती राग आला, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

पण खरी आग लावली ती त्या नियमांनीच. चॅपलिनचा कागद इंग्रजीत. गावकऱ्यांना कळावा म्हणून तो जर्मनमध्ये उतरवायला हवा होता. यांना इंग्रजी उत्तम, गिझेलाकडे जर्मन आणि टाइपरायटर. पाद्र्यांनी दोघांना जुंपलं. दर गुरुवारी संध्याकाळी हे जेवण उरकून समोरच्या घरात जाऊ लागले, गिझेलाच्या स्वयंपाकघरात, नियम करायला!

जूनमधला तिथला उजेड नऊ वाजून गेले तरी जात नाही. पाकोळ्या चर्चच्या मनोऱ्याभोवती किंचाळत फिरत. गवत कापून रस्त्याच्या कडेला वाळत टाकलेलं असे. मी खिडकीत विणकाम घेऊन बसे, आणि रस्त्यापलीकडून टाइपरायटर ऐकू येई. टक टक टक, टिंग. टक टक. तो वाजत होता तोवर माझा जीव थाऱ्यावर असे. मधेच थांबे. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी तर घंटेचा पाव तास. बोटं थांबली की माणसं काय करतात? मी विणलेलं उसवून ठेवी. मग पुन्हा टक. आणि मी देवाचे आभार मानून पुन्हा टाके घाली. त्या उन्हाळ्यात मी एक मोजा विणला. एकच.

हे परत येत ते तिच्या नावाचा पाढा घेऊन. "गिझेलाला एकदा सांगितलं की कळतं." "गिझेला म्हणते, बॅट टाकायची नाही, बरोबर न्यायचीही नाही, अलगद खाली ठेवायची. लागते कुणाला. तेही घातलं नियमात." "तिच्याकडे एक फोटो आहे फळीवर, सैनिकी गणवेशातल्या तरुणाचा. रोज पुसते तो." ही शेवटची माहिती खरं म्हणजे मला शांत करायला पुरेशी होती. मी तिकडे सोयीस्कर दुर्लक्ष केलं. मत्सराला पुरावे निवडून घ्यावे लागतात.

शनिवारी सकाळी गावभर गालिचे झोडपायचे. प्रत्येक अंगणात एक लोखंडी दांडी, तिच्यावर गालिचा टाकायचा आणि वेताच्या विणलेल्या, मोठ्या पिंपळपानासारख्या झोडपण्यानं धूळ काढायची. दुपारी एक ते तीन बंद, रविवारी तर पापच. सगळ्या गल्लीतून धप्प धप्प असे आवाज, जणू प्रत्येक अंगणात कुणीतरी दार ठोठावतंय. फ्राउ केसलरचा खांदा दुखायचा, म्हणून तिचे गालिचे माझ्याकडे आले. मी प्रत्येक गालिच्यावर मनातल्या मनात एक चेहरा काढायची. तांबूस ठिपके असलेला.

"फ्राउ डॉक्टर," खिडकीतून केसलरबाई म्हणायची, "तो माझ्या आजीचा गालिचा आहे!"

"या, या," मी जर्मनमधला हो म्हणायची आणि आणखी दोन ठेवून द्यायची.

आता तुम्हीच विचार करा. सकाळी तीन तास असे झोडपलेले दंड, आणि दुपारी हातात बॅट, आणि समोरून मोसंब्यापेक्षा मोठा चेंडू कमान करून सावकाश येतोय. मिरजेला मी लगोरीत पोरांची टाळकी शेकली होती, नजर होतीच. तिसऱ्या सामन्यात मी मारलेला चेंडू गायींच्या कुंपणापर्यंत गेला. चौथ्यात कुंपणापलीकडे. अमेरिकन पोरं मला "मिसेस कॅनन", म्हणजे तोफबाई, म्हणू लागली. छावणीच्या संघाचा धिप्पाड सार्जंट मी बॅट घेतली की दहा पावलं मागे सरायचा, तोंडानं एक शब्द न बोलता, आणि ते मागे सरणं मला मंगळसूत्राखालोखाल आवडायचं.

आणि हे? यांची फलंदाजी नाजूक, पुस्तकातली. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं संघात होते. पण यांचा लेट कट इथे रेषेच्या मागे जायचा, म्हणजे फुकटच. आणि चेंडू सरळ गेला की हे बॅट घेऊन पळायचे. जन्माची सवय! धावत जाऊन पहिल्या कोपऱ्यावर वाकून बॅट टेकवायचे, आणि मागून चॅपलिन खेदानं अंगठा वर करायचे. बाद. यांनी स्वतः टाइप करवलेल्या नियमानं बाद. क्रमात मी यांच्या लगेच मागे होते. हे मान खाली घालून परत येत, बॅट माझ्या हातात देत, आणि मग मी ती कुंपणापलीकडे पाठवत असे. मला यात काही दिसलं नाही. मी फटका मारून वळायची आणि आधी बघायची ते गिझेलाचं तोंड.

जुलैच्या मध्यावर नियमांचा जर्मन कागद तयार झाला. जांभळ्या शाईतल्या प्रती, अजून स्पिरिटचा वास येणाऱ्या. मी शब्दकोश घेऊन बसले आणि अकराव्या नियमावर थांबले. पती-पत्नी एकाच संघात असतील तर फलंदाजीच्या क्रमात त्यांच्यामध्ये किमान एक खेळाडू असावा.

चार संघांत मिळून एकच जोडपं होतं. ते मी आणि हे.

शनिवारी पाद्र्यांनी क्रम वाचला. हे, मग गिझेला, मग मी.

म्हणजे कागदोपत्री! बाईनं टाइप करून, सही-शिक्क्यानिशी, देवाच्या साक्षीनं आम्हा दोघांच्या मध्ये जागा करून घेतली होती. आता बाकावरही ती मध्ये बसायची. हे परत येऊन बॅट तिच्या हातात देत. मी तिच्या पाठीकडे बघत मराठीत जे बोलायची ते हसत हसत बोलायची, म्हणजे पाद्र्यांना वाटावं की मी तिला धीर देतेय.

"अगं, हळू!" हे दात खाऊन म्हणायचे.

"अहो, तिला कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना!"

"मग तुम्हाला का लागतंय?"

त्यावर हे काही बोलत नसत. मी मारलेल्या लांब फटक्यांनंतर तर हे घरी येऊनही बोलत नसत. एका शनिवारी मी एकाच फटक्यात, माझ्यासकट, चार धावा काढल्या. त्या संध्याकाळी यांनी वरणभात खाली मान घालून खाल्ला, रविवारी चर्चमध्ये समोर बघत बसले, आणि सोमवारी "येतो" एवढा एकच शब्द माझ्या वाट्याला आला. दोन दिवस घरात मराठी नव्हती. मी ठरवून टाकलं की हे गिझेलाच्या विचारात आहेत. दुसरं कारण काय असणार?

त्या लीगमध्ये एक फार शहाणी रीत होती. सामन्यानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांची कॉफी. हरलेल्यांनी केक आणायचा आणि जिंकलेल्यांनी भांडी घासायची, म्हणजे डोक्यात हवा जात नाही. ऑगस्टमध्ये आम्ही शेजारच्या गावाला हरवलं, आणि मोरीशी उभ्या राहिलो मी आणि गिझेला. ती धुतेय, मी पुसतेय. आलुबुखाराच्या केकचा रस ताटल्यांना चिकटलेला, खिडकीवर गांधीलमाशा. पाऊण डझन कप पुसून झाले. मग माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "फ्रॉयलाइन गिझेला, तो अकरावा नियम तुम्ही का केलात?"

तिनं हात पाण्यातच ठेवले. "मी? तो इंग्रजी कागदावर नव्हताच. तुमच्या नवऱ्यानं आणला."

"कुणी?"

"तुमच्या नवऱ्यानं. एक अख्खा गुरुवार त्यात गेला. म्हणाले, 'मी बाद होऊन येतो आणि ती लगेच जाऊन चेंडू गायींत घालते. मध्ये कुणीतरी हवं. लोकांना माझं बाद होणं विसरायला थोडा वेळ तरी मिळेल.' मी म्हटलं, हे नियमात कसं लिहू? मग सभ्य भाषेत लिहिलं."

माझ्या हातातून बशी पडली नाही, एवढंच सांगते.

"आणि टाइपरायटर थांबायचा तेव्हा?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

गिझेला इतकी हसली की गांधीलमाशा उडाल्या. "तेव्हा ते तुमच्याबद्दल तक्रार करायचे! ती उभी कशी राहते, ती खांदा कसा फिरवते, तिला कुणी शिकवलंही नाही! पाव पाव तास! मला तर वैताग यायचा." मग तिनं एक कप धुतला, तो स्वच्छ होता तरी पुन्हा धुतला. "गेनाऊ, अगदी खरं सांगायचं तर, हेवा वाटायचा मला तुमचा. माझ्याबद्दल इतकं चिडून बोलणारं कुणी नाही."

फळीवरच्या त्या फोटोकडे आजवर मी पाठ फिरवली होती. आता तो मला तिथे, साबणाच्या पाण्यात, स्पष्ट दिसला. मी तिच्या हातातला कप घेतला आणि फार वेळ पुसत राहिले.

वाटेल तुम्हाला, मी सुखावले. सुखावले ना! मत्सर हा एकटीनं करायचा उद्योग आहे अशी माझी समजूत होती, आणि इथे तर जोडीनं चालला होता. पण घरी पोचेपर्यंत दुसरीच धास्ती बसली. ते दोन मुके दिवस गिझेलामुळे नव्हते तर. माझ्यामुळे होते. मी जितक्या लांब मारीन तितक्या लांब हे जाऊन बसतील. आणि त्या गावात मला दुसरं कोण होतं? लग्नात निघताना आईनं कानात सांगितलेलं आठवलं, नवऱ्याच्या एक पाऊल मागे असावं, म्हणजे वळून बघावंसं वाटतं त्याला. मी ठरवलं, आता बेतानं मारायचं. पुढचे दोन सामने मी अगदी शालीन, तीन टप्प्यांत विरणारे फटके मारले. सार्जंट पुढे पुढे उभा राहू लागला. घरात मराठी सुरळीत होती. मला झोप लागत नव्हती.

शेवटचा सामना सप्टेंबरात छावणीच्या संघाशी. बीटाची पानं गुडघाभर वाढलेली, बागांतून सफरचंदाच्या रसाचा आंबूस वास, ऊन तिरकं आणि मधासारखं. शेवटचा डाव, आमचे एक बाद, आम्ही एका धावेनं मागे. हे गेले. चेंडू दोघांच्या मधून काढला, आणि काय सांगू, बॅट खाली ठेवली! अलगद! सगळं चर्च उठून ओरडलं. हे दुसऱ्या कोपऱ्यावर पोचले. गिझेलानं उंच मारला, झेल पकडला गेला. दोन बाद; तिसरा गेला की खेळ संपला. तिनं येऊन बॅट माझ्या हातात दिली.

सार्जंट पुढे सरला. मी दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं. हे तिथे उभे, हात गुडघ्यांवर, आणि चेहऱ्यावर ते. जिंकावं असंही वाटतंय, आणि माझ्या हातून नको असंही वाटतंय. तो चेहरा मी ओळखत होते. अख्खा उन्हाळा वेणी घालताना आरशात रोज बघत होते तो. इतका माझा, इतका घरचा वाटला तो मला, की माझी धास्ती कुठल्या कुठे गेली. एवढ्या सुंदर मत्सराला तीन टप्प्यांचा फटका म्हणजे अपमान होता.

मी केसलरबाईच्या आजीचा गालिचा आठवला आणि मारला.

चेंडू सार्जंटच्या डोक्यावरून, कुंपणावरून, गायींवरून बीटात गेला. मी काष्टा सावरत सुटले. पहिला कोपरा शिवला, वळले आणि बघते तर हे जागेवरच! मान वर, हात आडवा, क्रिकेटसारखं "थांब" करून चेंडूकडे बघतायत. आणि सतराव्या नियमात चॅपलिननं ठळक लिहिलेलं: मागच्यानं पुढच्याला ओलांडलं, तर मागचा बाद. दोन्ही धावा पाण्यात.

"अहो, पळा ना!"

"थांब! झेल होईल!"

"गायी झेल घेणारेत का? पळा!"

"तू मागे हो आधी!"

"मागेच आहे मी! तुमच्या पुढे जाता येत नाही मला, नियम आहे! पळा म्हणते ना!"

आणि मग आम्ही पळालो. पुढे हे, मागे एका हाताच्या अंतरावर मी, यांना अक्षरशः हाकत. तिसऱ्या कोपऱ्यावर यांचा वेग मंदावला तेव्हा मी मागून पाठीत गुद्दा घातला. याविषयी नियम नव्हता. सार्जंट बीटात गुडघे टेकून हसत होता. पाद्री टोपी हलवत होते. हे घरी पोचले, बरोबरी. त्यांच्यामागून मी पोचले, विजय. आणि सगळ्यांच्या वर, दोन्ही हात आकाशात फेकून, अख्खे दात दाखवत नाचत होती ती गिझेला.

त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो. हे दोन पावलं पुढे, गप्प. चर्च मागे गेलं, गप्प. गवताच्या गंजी गेल्या, गप्प. मी मनाशी हिशेब मांडत होते, दोन दिवस की चार? फ्राउ केसलरच्या फाटकाशी यांनी कडीला हात घातला आणि न वळता म्हणाले,

"काय गं, एवढ्या लांब मारायची काय गरज होती?"

मी दिवस मोजायचे सोडले.

"जरा अलीकडे पडला असता तरी चाललं असतं. आणि वर मलाच ओरडतेस, सगळ्या गावादेखत. पाठीत मारतेस. आणि मागचे दोन सामने काय ते भिकार मारत होतीस? मुद्दाम ना? मला कळत नाही असं वाटतं तुला? दया दाखवतेस?" जिना चढताना, कुलूप काढताना, बूट काढताना हे बोलतच होते. मोहरी तडतडली तरी बोलत होते. खालून खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी फोडणीपुढे उभी राहून, कधी नव्हे ती, एकही शब्द न बोलता ती मराठी ऐकत राहिले. गिझेलाच्या मनगटाचं कौतुक यांनी महिनोन्‌महिने केलं होतं, हसतमुखानं, चिल्लर वाटल्यासारखं. माझ्याबद्दल मात्र हा माणूस असा चिडून, घाम पुसत, मनापासून बोलत होता. गुरुवारी टाइपरायटर थांबल्यावर काय चाललं असेल, ते मी त्या रात्री जेवताना पहिल्यांदा ऐकलं.

गाडीतळाशी, आमच्या जुन्या मैदानाच्या जागी, उभी राहून मी हे सगळं आठवत होते, तेवढ्यात हे सिगारेट मिळाली नाही म्हणून कुरकुरत आले. गवत कापणारी माणसं जेवायला गेली होती.

"अहो, शेवटच्या सामन्यात मी मारलेला चेंडू कुठे पडला होता हो?"

यांनी सगळीकडे नजर फिरवली. जवळच्या एका निळ्या गाडीपाशी गेले आणि बोट खाली केलं. "इथे."

"तिथे? अहो, कुंपण होतं, गायी होत्या, बीटाचं शेत होतं."

"हे सगळं इथेच होतं. तुला लांब वाटतंय. आणि त्या दिवशी वारा होता."

मी त्या निळ्या गाडीकडे पाहिलं. एवढ्या अंतरावर मी रुमाल फेकला असता. मग पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत विचारलं, "आणि गिझेलाचा सगळ्यात लांब फटका?"

"गिझेलाचा?" हे खुलले. सरळ उभे राहिले, हात लांब केला, आणि गाडीतळ, रस्ता, झाडं सगळं ओलांडून पार पलीकडच्या काचेच्या इमारतीकडे, अगदी उदारपणे, बोट दाखवलं. "तो? तो थेट तिथे!"